दुधाच्या पावत्यांवरून स्कॅटर प्लॉट: ठिपके मांडायचे कसे, सहसंबंध वाचायचा कसा

तुम्ही केंद्रावर दूध घालत असाल तर दिवसातून दोनदा आकड्यांची एक जोडी तुमच्या हातात पडते: इतके लिटर, इतकी फॅट (म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची टक्केवारी). आपण दर बघतो, रक्कम बघतो आणि पावती खिशात घालतो. महिन्याला अशा साठ जोड्या होतात. स्कॅटर प्लॉट, म्हणजे आकड्यांच्या प्रत्येक जोडीचा एक ठिपका मांडलेला आलेख, शिकायला याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही, कारण यातला प्रत्येक ठिपका तुमच्या ओळखीचा असतो. ती धार कोणी काढली, त्या दिवशी वैरण कुठली होती, हे तुम्हाला आठवतं.

दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात हे सांगणाऱ्या सहसंबंधाचं गणित मी कॉलेजात केलं होतं. सूत्र पाठ होतं, उत्तरही बरोबर यायचं, पण त्या उत्तराचं पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. ते कळलं घरी, आमच्या गोठ्याच्या वहीवर. नव्याने शिकणाऱ्याचा गोंधळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. पुस्तकात स्कॅटर प्लॉटला विकीर्ण आकृती म्हणतात. मी इथे सरळ स्कॅटर प्लॉटच म्हणणार आहे.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीच्या वर लिहा: ‘दूध वाढलं की फॅट कमी होते का?’ सगळे म्हणतात, होते. आपल्या गायीच्या बाबतीत होते का, एवढंच आपल्याला बघायचं आहे. प्रश्नात दोनच गोष्टी हव्यात आणि दोन्ही आकड्यांत मोजता यायला हव्यात. ‘पेंड बदलली तर दुधाचं काय होतं’ हा प्रश्नही चांगला आहे, पण त्यात ‘काय होतं’ म्हणजे लिटर, फॅट की रक्कम, हे आधी ठरवावं लागेल.

२. लागणारं साहित्य

किमान एका महिन्याच्या पावत्या, रेघांची वही, आलेख कागद, टोकदार पेन्सिल, दोन रंगांची पेनं आणि गोठ्यात दूध मोजायला माप किंवा काटा. पुढच्या टप्प्यासाठी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर गूगल शीट्स किंवा एक्सेल.

पावतीबद्दल एक सांगून ठेवते. ती बहुधा थर्मल कागदावर छापलेली असते. उन्हात किंवा गरम जागी राहिली की अक्षरं उडतात. महिन्याच्या शेवटी गठ्ठा घेऊन बसाल तर अर्ध्या पावत्या कोऱ्या निघतील. आकडे त्याच दिवशी वहीत उतरवा.

३. जोड्या नीट जुळवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथली चूक पुढे कुठल्याही सूत्राने दुरुस्त होत नाही.

वहीत पाच रकाने आखा: तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट आणि शेवटी रुंद असा ‘नोंद’ रकाना. एक पावती म्हणजे एक ओळ, आणि एक ओळ म्हणजे एक ठिपका. सकाळच्या लिटरसमोर सकाळचीच फॅट हवी. दिवसाची लिटर-बेरीज आणि एका वेळची फॅट अशी जोडी लावली तर तो ठिपका कुठल्याच धारेचा राहत नाही.

पावतीवरचे लिटर म्हणजे गायीने दिलेले लिटर नव्हेत. घरासाठी ठेवलेलं, वासराला पाजलेलं, शेजारी दिलेलं दूध पावतीवर येत नाही. आमच्या पहिल्या आलेखात सात-आठ ठिपके एकदम डावीकडे सरकलेले होते आणि गाय आटायला लागली असं मी धरून चालले होते. तारखा पाहिल्यावर कळलं की तो दिवाळीचा आठवडा होता. घरात पाहुणे होते आणि निम्मं दूध घरीच लागत होतं. तेव्हापासून आम्ही लिटर गोठ्यातच मोजून लिहितो आणि फॅट तेवढी पावतीवरून घेतो.

दोन गायींचं दूध एकाच किटलीतून जात असेल तर पावतीवरची फॅट ही मिसळलेल्या दुधाची आहे. त्यावरून एका गायीबद्दल काही सांगता येणार नाही. एकीचं दूध काही दिवस वेगळं नेऊन वेगळी फॅट काढून घ्या, नाहीतर प्रश्नच ‘आमच्या गोठ्याचं दूध’ असा ठेवा.

नोंद रकाना रिकामा सोडू नका. ‘पाऊस’, ‘हिरवी वैरण संपली’, ‘धार दादाने काढली’, ‘माजावर होती’ असे दोन-तीन शब्द पुरे.

४. पहिला आलेख हातानेच काढा

मोबाइल अर्ध्या मिनिटात आलेख काढून देतो, तरीही पहिला हाताने काढा. ठिपका ठेवताना ती ओळ आपण पुन्हा वाचतो, आणि विचित्र आकडा तिथेच हाताला लागतो.

सरावासाठी ही पाच ओळींची वही घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी आकडे मुद्दाम असे मांडले आहेत, ते कुणाच्या पावतीतले नाहीत.

८ लिटर – फॅट ४.२
९ लिटर – फॅट ४.०
१० लिटर – फॅट ४.१
११ लिटर – फॅट ३.७
१२ लिटर – फॅट ३.५

आडव्या अक्षावर लिटर घ्या, उभ्यावर फॅट. ज्याचा परिणाम होत असेल असं वाटतं ते आडवं, ज्यावर होत असेल ते उभं, असा रिवाज आहे. आडव्या अक्षावर २ सेंटिमीटरला १ लिटर आणि सुरुवात ७ पासून. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ०.१ फॅट आणि सुरुवात ३.० पासून. स्तंभालेखात अक्ष शून्यापासूनच सुरू करावा लागतो, कारण तिथे आपण खांबाची उंची वाचतो. इथे ठिपक्यांची मांडणी वाचायची असल्यामुळे शून्याचा हट्ट धरलात तर सगळे ठिपके कागदाच्या एका कोपऱ्यात चिकटतील.

८ वरून सरळ वर जा, ४.२ च्या रेषेला पोचलात की ठिपका ठेवा. पाचही ठेवून झाले की पेन्सिल बाजूला ठेवा. ठिपके एकमेकांना जोडू नका. शाळेतल्या रेषालेखाच्या सवयीने हात आपोआप जोडायला जातो, पण इथे आठ लिटरनंतर नऊ लिटर ‘घडलेले’ नाहीत. त्या वेगवेगळ्या दिवसांच्या धारा आहेत.

फॅट एका दशांशातच येते, त्यामुळे महिनाभराच्या वहीत एकाच जागी दोन-तीन ठिपके पडतील. पहिल्या ठिपक्याला चिकटून दुसरा काढा, नाहीतर तीन दिवस एक दिवस होऊन बसतात.

५. आता नुसतं बघा

कागद हातभर लांब धरा. ठिपक्यांचा पुंजका डावीकडून उजवीकडे चढतो आहे की उतरतो आहे? चढत असेल तर धन सहसंबंध, उतरत असेल तर ऋण. आपले पाच ठिपके उतरत आहेत. पुंजका काकडीसारखा निमुळता आहे की भाकरीसारखा गोल? जितका निमुळता तितका संबंध घट्ट. वाट सरळ आहे की वाकलेली? आणि कळपातून बाहेर पडलेला एखादा ठिपका आहे का?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. आमच्या खऱ्या वहीचा आलेख मी ओसरीवर पसरला होता. एक ठिपका खाली डावीकडे एकटाच होता: लिटरही कमी आणि फॅटही कमी. बाकीचे सगळे सांगत होते की दूध कमी असेल तेव्हा फॅट जास्त, आणि हा एकटा उलट. मी तो खोडायला निघाले होते. आई भाजी निवडत बसली होती. तिने तारीख विचारली आणि म्हणाली, “अगं, त्या दिवशी धार चालू असताना वासरू सुटलं. शेवटची धार त्यानंच प्यायली.” आचळातून आधी येणारं दूध पातळ असतं आणि जसजशी धार संपत येते तशी फॅट वाढत जाते, हे गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. शेवटचं सायीचं दूध वासराच्या पोटात गेलं, म्हणून किटलीत दूधही कमी आणि फॅटही कमी.

म्हणून वेगळा ठिपका दिसला की आधी ज्याने धार काढली त्याला विचारा. ४.१ च्या जागी ४१ लिहिलं गेलं असेल तर ती लिहिण्यातली चूक, ती दुरुस्त करा. दूध न ढवळता वरून नमुना घेतला गेला असेल तर साय वर आलेली असते आणि फॅट फुगून येते. ती मोजमापातली चूक, कारण लिहून तो ठिपका बाजूला काढा. पण कारण सापडलं नाही तर ठिपका तसाच राहू द्या. आलेख देखणा दिसावा म्हणून ठिपका काढणं म्हणजे वहीत खोटं लिहिणं आहे.

६. सहसंबंध गुणांक काढा

डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीला आकडा देतो तो सहसंबंध गुणांक. आज सर्रास वापरात आहे तो संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या नावाने ओळखला जातो आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने लिहितात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या मध्येच येतो. बाहेर आला तर हिशेब चुकला.

लिटरची सरासरी १०. प्रत्येक लिटरमधून १० वजा करा: उणे २, उणे १, ०, १, २.
फॅटची सरासरी ३.९. प्रत्येक फॅटमधून ३.९ वजा करा: ०.३, ०.१, ०.२, उणे ०.२, उणे ०.४.
समोरासमोरच्या फरकांचा गुणाकार करा: उणे ०.६, उणे ०.१, ०, उणे ०.२, उणे ०.८. बेरीज उणे १.७.
लिटरच्या फरकांचे वर्ग करून बेरीज: १०. फॅटच्या फरकांच्या वर्गांची बेरीज: ०.३४.
या दोन बेरजांचा गुणाकार ३.४, त्याचं वर्गमूळ १.८४.
उणे १.७ भागिले १.८४ म्हणजे उणे ०.९२.

तिसऱ्या ओळीत सगळा अर्थ आहे. लिटर सरासरीच्या खाली असताना फॅट सरासरीच्या वर असेल तर गुणाकार उणा येतो. असे उणे गुणाकार साठत गेले की गुणांक उणे होतो. दोन्ही एकाच बाजूला असतील तर तो अधिक होतो. आणि कधी असं, कधी तसं असेल तर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि शून्याच्या आसपास काहीतरी उरतं.

उणे ०.९२ चा अर्थ ‘फॅट ९२ टक्के कमी होते’ असा मुळीच नाही. ठिपके एका उतरत्या सरळ रेषेच्या किती जवळ आहेत, एवढंच तो सांगतो. एका लिटरमागे फॅट किती उतरते हे सांगतो रेषेचा चढ, आणि तो वेगळा काढावा लागतो: उणे १.७ भागिले १०, म्हणजे लिटरमागे ०.१७. लिटरऐवजी मिलिलिटर लिहिलंत तर चढाचा आकडा बदलेल, गुणांक तोच राहील.

०.५ आला तर नाराज होऊ नका. पिअर्सन आणि अ‍ॅलिस ली यांनी १९०३ मध्ये बाप-लेकांच्या उंचीच्या १,०७८ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुणांक ०.५ च्या आसपास होता. उंच बापाचा मुलगा उंच, हे तर आपण डोळ्यांनी बघतो. तरी त्या ठिपक्यांचा पुंजका चांगला जाडजूड आहे. ज्यात दहा गोष्टींचा हात असतो तिथे ०.५ सुद्धा काहीतरी सांगत असतो.

७. शीटमध्ये करायचं असेल तर

दोन रकाने निवडा, इन्सर्टमधून चार्ट घ्या आणि चार्ट टाइपमध्ये स्कॅटर निवडा. बरेचदा आधी रेषालेख किंवा स्तंभालेख समोर येतो, तोच पुढे ठेवू नका. गुणांकासाठी रिकाम्या चौकटीत बरोबरचं चिन्ह, मग सी-ओ-आर-आर-ई-एल ही अक्षरं आणि कंसात आधी लिटरचा रकाना, स्वल्पविराम, मग फॅटचा रकाना. वरच्या पाच ओळींवर उत्तर उणे ०.९२ आलं की शीट नीट चालते आहे असं समजा.

आकडे इंग्रजी अंकांत टाका आणि आकड्यापुढे ‘लिटर’ वगैरे काही लिहू नका, नाहीतर शीट त्याला मजकूर समजते. खूण सोपी आहे: आकडा चौकटीत उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे. मजकूर झालेल्या ओळी ते फंक्शन न सांगता गाळतं, आणि साठ ओळींचा म्हणून तुम्ही वाचता तो गुणांक चाळीस ओळींचा असतो.

८. फसगतीच्या जागा

गाय आणि म्हैस एकाच आलेखात. वरच्या पाच ठिपक्यांत म्हशीचे तीन घाला: ४ लिटर–७.०, ५ लिटर–६.८, ६ लिटर–७.०. आठांचा मिळून गुणांक येतो उणे ०.९४. पण म्हशीचे तीनच वेगळे घेतले तर तो बरोबर शून्य आहे! मिसळलेला आकडा फक्त एवढंच सांगतो की म्हशीच्या दुधाला फॅट जास्त असते. आलेखात दोन वेगळे पुंजके दिसले की रंग बदला आणि गुणांक वेगवेगळे काढा. सकाळ-संध्याकाळचंही तेच. दोन धारांमधलं अंतर सारखं नसेल तर कमी अंतरानंतरच्या धारेला दूध कमी आणि फॅट बहुधा जास्त असते.

एक आकडा दुसऱ्यातूनच काढलेला असणे. फॅट आणि दर यांचा आलेख काढलात तर ठिपके जवळजवळ रेषेवर बसतील. तो शोध नव्हे, दर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) यांच्या तक्त्यावरूनच लावलेला असतो. फॅट आणि एसएनएफ ही जोडीही जपून घ्या. जिथे लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीच्या) डिग्रीवरून एसएनएफ काढतात तिथल्या सूत्रात फॅटचा आकडा आधीच मिसळलेला असतो. संबंध दिसणारच, कारण तो आपणच घातला आहे.

काळ. गाय व्यायल्यावर दूध दीड-दोन महिन्यांत शिगेला पोचतं, मग हळूहळू उतरतं, आणि दूध उतरत जातं तशी फॅट चढते. सहा महिन्यांच्या वहीत जो ऋण सहसंबंध दिसतो त्यातला मोठा वाटा या काळाचा असू शकतो. काळाबरोबर बदलणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींशी बांधलेल्या दिसतात. ठिपक्यांना महिन्याप्रमाणे रंग द्या आणि एकाच महिन्याच्या आत उतार राहतो का ते बघा.

थोडे ठिपके. काहीच संबंध नसतानाही ५ ठिपक्यांत ०.८८ च्या पुढचा गुणांक, अधिक किंवा उणा, शंभरातून सुमारे पाच वेळा येतो. १० ठिपक्यांना हीच सीमा ०.६३ आहे आणि ३० ठिपक्यांना ०.३६. म्हणून पाच दिवसांच्या वहीवर खुराक बदलू नका, निदान तीस ओळी होऊ द्या.

रेषा वहीच्या बाहेर ओढणे. आपल्या पाच ठिपक्यांची रेषा आहे ५.६ वजा ०.१७ गुणिले लिटर. ती ३३ लिटरपर्यंत ओढली तर फॅट शून्याच्या खाली जाते! रेषा ८ ते १२ लिटरमध्येच खरी.

आलेख न बघता गुणांक वाचणे. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कॉम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच मांडले. चारही संचांत सरासऱ्या जवळपास सारख्या, रेषा तीच आणि गुणांक ०.८२, पण आलेख चार तऱ्हांचे. तिसरा संच स्वतः काढून बघा: (१०, ७.४६), (८, ६.७७), (१३, १२.७४), (९, ७.११), (११, ७.८१), (१४, ८.८४), (६, ६.०८), (४, ५.३९), (१२, ८.१५), (७, ६.४२), (५, ५.७३). दहा ठिपके पट्टीने आखल्यासारखे रेषेवर येतात आणि एकच वर उडालेला दिसतो. तो झाकून गुणांक काढलात तर जवळजवळ १ येतो. एका ठिपक्याने त्याला ०.८२ वर आणून ठेवलं आहे.

९. कारण शोधायचं असेल तर

आलेखाने दाखवलं की दोन गोष्टी बरोबरीने बदलतात. कशामुळे, हे त्यावर लिहिलेलं नसतं. समजा वहीत दिसलं की कडबा जास्त पडला त्या दिवसांत फॅट चांगली लागली. सुक्या वैरणीने फॅटला मदत होते हे खरं आहे, पण तेच दिवस थंडीचेही असू शकतात, किंवा गाय व्यायल्याला बरेच महिने झालेले असू शकतात.

दोन गायी असतील तर एकीची वैरण बदला आणि दुसरीची आहे तशी ठेवा. थंडी दोघींना सारखीच लागते, म्हणून फरक पडला तर तो वैरणीकडे बोट दाखवतो. बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करा, एकदम केलात तर जनावराचं पोट बिघडतं. बदल पूर्ण झाल्यावर पंधरा दिवस नोंदी घ्या, मग दोन्ही गायींच्या वैरणीची अदलाबदल करून पुन्हा पंधरा दिवस. या काळात पेंड, धारेच्या वेळा आणि धार काढणारा माणूस बदलू नका. दोन्ही पंधरवड्यांचे ठिपके एकाच कागदावर काढा, जुन्या वैरणीचे निळे आणि नव्या वैरणीचे लाल. दर गायीला एक वेगळा कागद घ्या, आणि वासरू सुटलं तर नोंद रकान्यात त्याच वेळी लिहा.